साडेपाचला बंद, सहाला चालू

प्रिय इन्स्पेक्टर,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. तुझ्या आईने चष्मा बदलला आणि तेव्हापासून तिला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, त्यामुळे हाल माझे चालले आहेत. रोज संध्याकाळी सहाला आपण स्क्रीनवर एकमेकांची तोंडं बघतो, मग हा माणूस कागद-पेन घेऊन कशाला बसला, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की स्क्रीनवर मी काही मनातलं बोलायला लागलो की तू ‘जाऊ द्या ना बाबा’ म्हणून विषय बदलतेस, आणि मीही आनंदाने बदलू देतो. कागदाला मध्येच कुणी तोडत नाही. शिवाय सोबत एक वही पाठवतो आहे. ती लगेच उघडू नकोस, आधी पत्र वाचून घे. तुझी घाई मला माहीत आहे.

रविवारी तू आईशी फोनवर बोललीस ते मी ऐकलं. तिचे हात साबणात होते म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला होता. मी ग्लास ठेवायला आत येत होतो तो दारातच थांबलो. चोरून ऐकायचा विचार नव्हता, पण ग्लास हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिलो, म्हणजे चोरूनच ऐकलं म्हण. तुमच्या कंपनीचे लॅपटॉप लोकांकडे तिसऱ्या दिवशी गुदमरतात. एका मोठ्या गिऱ्हाइकाने खोकी भरभरून परत पाठवले. बोट तू लिहिलेल्या वायफायच्या प्रोग्रॅमकडे आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्या तक्रारी आल्या तेव्हा तूच मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलंस की आमच्यात काही दोष नाही, म्हणून साहेब आता म्हणतात की तुला माहीत होतं आणि तू दडवलंस. येत्या सोमवारी बैठक आहे. त्यात हे काम तुझ्याकडून काढून घेतील, कदाचित नोकरीही जाईल. एवढं सगळं तू सपाट आवाजात सांगितलंस. आणि शेवटी म्हणालीस, ‘आई, मला हे काम येतच नसेल गं. इतकी वर्षं सगळ्यांनी उगाच डोक्यावर घेतलं.’ तुझ्या आईने त्यावर काय उत्तर दिलं ते मला ऐकूच आलं नाही. मी तिथेच, ग्लास हातात घेऊन, पार खचलो.

तुला काम येतं की नाही, हे मला विचार. सात वर्षांची होतीस तेव्हापासून मी बघतो आहे. शनिवारी तुझी अर्धी शाळा असायची आणि तू आईबरोबर माझा डबा घेऊन बॉयलरवर यायचीस. हॉस्पिटलांच्या चादरी धुणारा आमचा तो कारखाना, आणि त्याच्या मागच्या बाजूला माझी ती तापलेली खोली. आई घाम पुसत दारातच थांबायची. तू मात्र सरळ आत यायचीस, बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहायचीस आणि काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघायचीस. मी तुला सांगितलं होतं, दर अर्ध्या तासाने दोन गोष्टी लिहायच्या, वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी. काटा दिसेल ते लिहायचं, असायला हवं ते लिहायचं नाही. एकदा मी नेहमीच्या सवयीने वहीत शंभर लिहिलं. तू काट्याला नाक लावून बघितलंस आणि सगळ्यांसमोर ओरडलीस, ‘बाबा, अठ्ठ्याण्णव आहे! खोटं लिहिलंत!’ सगळी पाळी पोट धरून हसली. त्या दिवसापासून तू इन्स्पेक्टर. मी खाडाखोड न करता शंभरवर एक रेघ मारली, शेजारी अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि सही केली, ते तुला आठवत असेल.

पैलवानाची गोष्टही आठवत असेल, कारण मी ती तुला शंभरदा तरी ऐकवली आहे. माझ्या आधीच्या पाळीला तो असायचा. आडदांड, हसरा, आणि कामात कधी मागे न हटणारा. बॉयलरच्या तळाचा एक व्हॉल्व्ह गळत होता. पाणी झाकलेल्या खड्ड्यात जायचं, त्यामुळे डोळ्यांना दिसायचं नाही. फक्त काचेतली पातळी हळूहळू खाली यायची. पैलवानाला ते कळलं होतं. पण तो माझी पाळी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी पंप लावून पाणी भरायचा आणि वहीत ‘पातळी ठीक’ लिहून निघून जायचा. माझ्या पाळीत मी येता-जाता पाणी घालत असे, दिवसाअखेर जरा जास्तच लागतं आहे असं वाटे, पण वही उघडावी तर सगळं सरळ रेषेत. दोन महिने हे चाललं. मग तो एक दिवस रजेवर गेला, बदली माणसाला काहीच ठाऊक नव्हतं, पाणी उतरलं आणि नळ्या भाजून निघाल्या. वेळेवर आग काढली म्हणून कुणाला इजा झाली नाही. नऊ दिवस कारखाना बंद, आणि मळक्या चादरींचे ढीग छतापर्यंत. मी साहेबांकडे पैलवानाची तक्रार केली. त्याला बॉयलरवरून काढून चादरी निवडायच्या शेडमध्ये टाकलं, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. ही गोष्ट मी तुला नेहमी अशीच सांगितली, आणि शेवटी म्हणायचो, आळशी माणूस, दुसरं काय.

आता लॅपटॉपकडे येतो. गेल्या वर्षी तू तो घेऊन आलीस, टेबलावर उघडलास, आणि कोपऱ्यातल्या वायफायच्या त्या पंख्यासारख्या खुणेवर बोट ठेवून म्हणालीस, ‘बाबा, हे एवढं माझं.’ तुला कल्पना नाही, त्या खुणेने मला काय दिलं ते. मी खालच्या शिंप्याला दाखवली, गॅस घेऊन येणाऱ्याला दाखवली, डॉक्टरांकडे लॅपटॉप नेला नव्हता म्हणून त्यांना कागदावर काढून दाखवली. जगात इतके लॅपटॉप आहेत आणि त्यातल्या कितीतरी लॅपटॉपांना वायफाय कसं पकडायचं ते माझ्या मुलीने शिकवलं आहे, असं मी सांगायचो. तुझी आई म्हणायची, पुरे आता, लोक वाट बदलायला लागलेत.

सुरुवातीला मी तो कधी बंद करत नसे. बॉयलर रोज विझवून रोज पेटवायचा नसतो, ही आयुष्यभराची सवय. पहिले दोन दिवस बरे जायचे. तिसऱ्या दिवशी माउसचा बाण चिखलात रुतल्यासारखा चालायचा आणि बातमीचं एक पान उघडेपर्यंत माझा चहा गार व्हायचा. मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने एक तक्ता उघडून दाखवला, कुठल्या प्रोग्रॅमने किती मेमरी अडवली आहे याचा. सगळ्यात वर तुझा प्रोग्रॅम. एरवी चाळीस एमबीच्या आसपास असायला हवा, तो तीन हजारांच्या घरात. तो म्हणाला, ‘काका, प्रोग्रॅम कामापुरती जागा मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. हा नुसता घेतच सुटलाय. मेमरी गळते म्हणतात याला. काढून टाकू? दुसरा फुकट टाकून देतो.’ मला इतका राग आला की मी लॅपटॉप त्याच्या हातातून ओढूनच घेतला. माझ्या मुलीचा आहे तो, म्हटलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, ‘मग मुलीला सांगा की.’

सांगायला हवं होतं. मी घरी आलो आणि वही केली. जुन्या पद्धतीने रकाने आखले: तारीख, वेळ, तक्त्यातला आकडा, आणि लॅपटॉप कुठे ठेवला आहे. ते शेवटचं काही कामाचं म्हणून नाही. बॉयलरच्या वहीत यंत्राचा नंबर लिहायचा रकाना असे, तो रिकामा कसा ठेवायचा म्हणून मी ‘पुढची खोली’, ‘टेबल’, ‘गॅलरी’ असं लिहायला लागलो. पाच महिन्यांची वही आहे. त्यातली मेख मात्र मला सापडली नाही, तुझ्या आईला सापडली. नवा चष्मा आला त्या दिवशी तिने धूळ पुसता पुसता वही चाळली आणि म्हणाली, ‘अहो, तुम्ही टेबलावर बसलात की याला झेपत नाही. पुढच्या खोलीत बरा असतो.’ मी आधी हसलो. मग पानं उलटली आणि हसू गेलं. पुढच्या खोलीत दिवसभर अडतीस, एकेचाळीस, चाळीस. टेबलावर ठेवला की तासाला साठ-पासष्टने वाढ, अगदी इमानेइतबारे.

आपल्याकडे वायफायचे दोन डबे आहेत. एक पुढे, आणि मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून तूच बसवून दिलेला दुसरा. जेवणाचं टेबल बरोबर मधोमध. तिथे बसलो की तुझा प्रोग्रॅम कधी पुढचा डबा धरतो, कधी मागचा, आणि तासातून दहा वेळा तरी इकडून तिकडे जातो. मी खूण बघत बसून मोजलं आहे. दर वेळी डबा बदलला की आकडा सहाने चढतो आणि परत उतरत नाही. तुमच्या ऑफिसात तपासायचे लॅपटॉप एका लांब बाकावर ओळीने असतात आणि डबा डोक्यावर एकच, हे तूच मला फिरवून दाखवलं होतंस. तिथे तो डबा बदलणार कधी, आणि गळती दिसणार कशी? यात मला कळतं ते इतकंच. पुढचं तुला कळेल.

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला मला सकाळपासून तीन कागद लागले. वही सुरू केली त्या दिवसापासून मी तुझ्यापासून हे लपवत आलो आहे. रोज साडेपाचला मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचो. आकडा अडतीसवर यायचा. मग मी केस विंचरायचो, चहा घ्यायचो आणि सहाला तुझ्यासमोर ताजातवाना हजर व्हायचो. तू विचारायचीस, बाबा, कसा चालतोय? मी म्हणायचो, लोण्यासारखा. मला वाटायचं, दिवसभर राबून पोर दमून बसली आहे, तिला कशाला सांगायचं की तुझ्या कामात खोट आहे. तुझी आई सांगायची, सांगून टाका. मी म्हणायचो, सांगतो. वहीत खरं लिहायचो आणि तोंडाने खोटं बोलायचो. तीन महिन्यांपूर्वी तू एकदा मुद्दाम थांबून विचारलंस, ‘बाबा, तुम्ही तो बंद करता का हो कधी?’ मी म्हणालो, ‘छे! तू आणलास तेव्हापासून चालूच आहे.’ तू खुश झालीस. मला वाटलं, चला, एक दिवस तरी चांगला गेला पोरीचा.

रविवारी ओट्यावरच्या फोनमधून मला कळलं की ते तू दुसऱ्याच दिवशी मीटिंगमध्ये सांगितलं होतंस. माझ्या वडिलांचा लॅपटॉप कित्येक महिने बंद न होता उत्तम चालतो आहे, ते आयुष्यभर यंत्रांची नोंद ठेवणारे आहेत, त्यांचा शब्द मी मानते. म्हणजे साहेबांसमोर तू जे छातीठोक बोललीस ते माझ्या भरवशावर. तू काही दडवलं नाहीस, बाळा. दडवलं मी. तुझ्या हातात काट्याचा खोटा आकडा मी दिला आणि तू तो खरा मानून चालत राहिलीस.

फोन ठेवल्यावर तुझ्या आईने नळ बंद केला. हात पुसले, कपाटातून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. काल मी दोन बस बदलून पैलवानाकडे गेलो. तो आता मुलाकडे राहतो, आडदांडपणा सगळा गेला, हसणं तेवढं आहे. त्याच्याकडे का गेलो ते सांगतो. तुला सांगितलेल्या त्या गोष्टीत एक गोष्ट मी नेहमी गाळली. तो तळाचा व्हॉल्व्ह मी स्वतः घासून बसवला होता. चौकशीच्या दिवशी मी पैलवानाला बाजूला घेऊन झापलं, दोन महिने गप्प का राहिलास म्हणून. तो मान खाली घालून म्हणाला, ‘मिस्त्री, तुम्ही बसवलेला होता ना. तुम्हाला वाईट वाटलं असतं.’ मी त्याला म्हणालो, माझ्या वाईट वाटण्यावर बॉयलर चालत नाही. मोठा बाणेदार माणूस मी! आणि मग चौकशीत व्हॉल्व्ह कुणी बसवला हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. पैलवानानेही सांगितलं नाही. तो शेडमध्ये गेला आणि मी बॉयलरवर राहिलो.

काल त्याच्यासमोर हे सगळं बोललो, माफी मागितली, तुझ्या लॅपटॉपचंही सांगितलं. तो खूप वेळ हसत होता. म्हणाला, ‘म्हणजे मिस्त्री, तुम्हीपण पाळी बदलायच्या आधी पाणी भरलंत!’ मग त्याने मला चहासुद्धा पूर्ण पिऊ दिला नाही. विचारलं, पोरीला सांगितलंत का? नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘मग इथे काय करताय? माझं काय, मी जुना झालो. तिचा सोमवार यायचाय.’ आणि मला बसपर्यंत सोडायला आला, काठी टेकत.

म्हणून हे पत्र. आणि आता ऐक, कारण हे तू ऐकणार नाहीस अशी मला भीती आहे. वही मिळाली की दोन डब्यांच्या मध्ये लॅपटॉप ठेवून तू दोष शोधशील, दुरुस्तही करशील, त्याची मला चिंता नाही. पण मग सोमवारी तू बैठकीत जाशील आणि ‘चूक माझीच, मी नीट तपासलं नाही’ असं म्हणून मोकळी होशील. माझं नाव घेणार नाहीस. बाबांना चार लोकांत कशाला खाली बघायला लावायचं, त्यांना वाईट वाटेल, म्हणशील. तू नक्की तसंच करशील, कारण तू माझी मुलगी आहेस आणि आपल्याला ही एकच गोष्ट छान जमते. ते करू नकोस. एका माणसाने माझ्यासाठी असं केलं आणि मी ते गिळून आयुष्य काढलं. दुसऱ्यांदा मला ते गिळवणार नाही. वहीचं शेवटचं पान मी मुद्दाम वेगळं ठेवलं आहे. त्यावर लिहिलं आहे की लॅपटॉप कधीच बंद केला नाही हे मी तोंडी सांगितलेलं खोटं होतं, रोज साडेपाचला तो मी बंद करत होतो, आणि माझ्या मुलीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्या खोट्यावर रेघ, शेजारी खरं काय ते, खाली सही. ते पान सोमवारी साहेबांसमोर ठेव. मोठ्याने वाचून दाखव. मला वाईट वाटेल. वाटू दे. तुला काम येतं, इन्स्पेक्टर, बादलीवर उभी राहायचीस तेव्हापासून येतं, आणि हे मी कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. रविवार संध्याकाळपासून मी लॅपटॉप बंद केलेला नाही. काल सहाला माझं चित्र दोनदा अडकलं, तू विचारलंस नेट खराब आहे का, आणि मी ‘हो’ म्हणून मान हलवली. ती शेवटची थाप. यापुढे माझं तोंड अर्धं उघडं राहून अडकलं तर घाबरू नकोस, मी टेबलाशीच बसलेलो असेन.

तुझाच,
बाबा

ता. क. आत्ता दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. मंगळवार. टेबल. २७९०. आकडा तुझ्या आईने वाचला, मी लिहिला.